डाव्या हाताची काडी

"बाहेर जावा आणि दार वाजवा," मी म्हणालो.

समोरच्या बाई गोंधळल्या. "दार तर उघडंच हाय की."

"मी लावतो. तुम्ही वाजवायचं. घरात कुणीतरी झोपलंय, त्याला उठवायचंय, पण दचकवायचं न्हाई. असं वाजवा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग कोपऱ्यात पाटावर बसलेल्या माझ्या बायकोकडं पाहिलं. हौसानं हसून मान हलवली. जावा, सगळ्यांनाच असं करायला लावत्यात, असा त्याचा अर्थ. बाई पर्स सावरत बाहेर गेल्या. मी दार लोटलं आणि फटीतून त्यांचा हात बघत उभा राहिलो.

मला आता पंच्याहत्तरी लागली आहे. ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. तासगावात बाजारामागच्या बोळात लाकूड कातायचं माझं लेथ होतं. बाकीचे कातारी लाटणी करायचे, पलंगाचे पाय करायचे, पाळण्याचे खांब करायचे. मी फक्त ड्रमच्या काड्या करायचो. सांगलीपासून जतपर्यंतचे बँडवाले माझ्याकडं यायचे आणि एकमेकांना सांगायचे, 'लाकूड कुणाचंबी घ्या, कान सुबराव कातार्‍याचा घ्या.' हे मला कुणी ना कुणी येऊन सांगायचंच, आणि नाही सांगितलं तर मीच विषय काढायचो.

दार उघडून मी बाईंना आत घेतलं. "खांद्यातनं वाजवताय. मनगट मोकळं न्हाई. पण बोटं हलकी हैत. काय काम करता?"

"कन्याशाळेत शिवण शिकवते. कांचन मगदूम." बाई पस्तिशीच्या असतील. "आमचे ड्रमचे मास्तर निवृत्त झाले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पंधरा ऑगस्टपर्यंत एखादी बाई तयार झाली तर ठीक, न्हाईतर चारी ड्रम मुलांच्या शाळेला देऊन टाकू. मुली रडायला लागल्या. मग मी हात वर केला. मला वाजवण्यातलं ओ की ठो कळत न्हाई. आपलं एखादी बारकी, हलकी, साधी जोडी द्या. शिकायचीच तर हाय."

हे शेवटचं वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

"साधी? बाई, मुरलेला वाजवणारा असला तर त्याला सरपण दिलं तरी चालतंय. काडीत खोट असली तर तो हातानं झाकून घेतो. नवख्याला ते जमत न्हाई. काडी चुकली की त्याला वाटतं, आपलाच हात चुकला. आठ दिवस तसं वाटलं की नववा दिवस उजाडत न्हाई, तो काड्या माळ्यावर टाकतो. म्हणून माझ्या दुकानात सगळ्यात चांगली जोडी नवख्याला."

हे भाषण मी गेली वीस वर्षं करत होतो, आणि मला ते फार आवडायचं. बाईंनाही आवडलेलं दिसलं. त्यामुळं मी आणखी पुढं गेलो.

"आता हेबी खरं, की मुळात हातच नसला तर काडी काय करणार? माझीच पोरगी बघा. रत्ना. तुमच्याच शाळेत हुती नववीला. तुमच्या आधीची गोष्ट. ड्रम वाजवायचा म्हणून हट्ट धरला. मी सगळ्या काड्या पालथ्या घालून एक जोडी काढून दिली, राजालाबी दिली नसती अशी. पंधरा दिवसांत मास्तरांनी घरी धाडली. म्हणाले, डावा हात बोलत न्हाई. मग मी घरी पाटावर वाजवून घेतलं. आठ दिवस. बोटांवर काडी मारली, तरी डावा हात मेलेला तो मेलेलाच. कातार्‍याची पोर आणि हाताला ताल न्हाई! दिव्याखाली अंधार म्हणत्यात ते हेच."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. हौसा हातातला लाल दोरा गुंडाळत होती, तिच्या हातून रीळ सुटून माझ्या पायाशी घरंगळत आलं. तिनं ते उचललं आणि पुन्हा बसली.

हौसाचं हे बसणं आधी माझ्या उजव्या हाताला, लेथच्या मोटारीकडच्या बाजूला असायचं. त्या दिवसाच्या सहा वर्षं आधी तिनं पाट उचलला आणि डावीकडं मांडला. भुसा डोळ्यांत जातो म्हणाली. त्याच सुमाराला तिचा आवाजही चढला. वय झालं की बायकांचं भांडं मोठ्यानं वाजतं, असं मी चारचौघांत म्हणायचो. तीही ऐकून घ्यायची.

मी कामाला लागलो. बाईंचा पंजा लहान, म्हणून जाड काडी बाद. पण अगदी बारीकही नको, त्यानं हात आळशी होतो. धावड्याच्या लाकडाच्या मधल्या मापाच्या वीसेक काड्या मी सकाळीच काचपेपर मारून ठेवल्या होत्या, अजून जोड्या लावायच्या होत्या. एकेक काडी फळीवरच्या काचेवर लोळवली. सरळ असेल ती गपगुमान लोळते, वाकडी असेल ती डुलते. दोन डुलल्या, त्या चुलीच्या ढिगात टाकल्या. मग दोन्ही तळव्यांवर एकेक घेऊन वजन पाहिलं.

"आता खरं काम," मी म्हणालो. "एका झाडाच्या, एका वजनाच्या दोन काड्याबी सारख्या बोलत न्हाईत. एक टक् करती, एक टोक्. अशी बेमेळ जोडी दिली, की दोन्ही हातांनी सारखं मारलं तरी एक हात मेल्यासारखा वाजतो. म्हणून स्थळ बघावं लागतं."

मी एक काडी उजव्या कानाशी धरली, दुसरीनं टिचकी मारली. मग दुसरी कानाशी. बाजूला ठेवली. तिसरी घेतली. चौथीला जुळलं. लाल दोरा बांधला, दोन्हींच्या बुडावर पेन्सिलीनं आकडा घातला आणि जोडी बाईंच्या हातात दिली.

"इतक्या लवकर?"

"पूर्वी एकेकीचं लग्न जमवायला तास जायचा. आता हात बसलाय. दोनचार वर्सं झाली, चुटकीसरशी जुळतंय. आणि आजपावेतो माझी एक जोडी परत आलेली न्हाई. एक जरी आली तरी हे लेथ विकीन आणि बाजारात हमाली करीन."

बाईंनी दोरा सोडला. शिवणाच्या बाई त्या, कापड घेतानासुद्धा दोन्ही बाजू बघून घेणाऱ्या. मी केलं तसंच त्यांनी केलं. एक काडी कानाशी धरून टिचकी, मग दुसरी. पुन्हा एकदा. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"मला कळत न्हाई यातलं," त्या चाचरत म्हणाल्या, "पण ह्या दोन सारख्या वाटत न्हाईत हो. ही टक् करतीय. ही टोक्."

मला हसू आलं. नंतर राग आला. आयुष्यात पहिल्यांदा काडी धरलेली बाई, आणि सुबराव कातार्‍याचा कान तपासायला निघाली!

"हौसा, ऐकलंस का? ह्यांना टोक् ऐकू येतंय!"

हौसा उठून उभी राहिली होती.

"थांबा," मी म्हणालो. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" फळीवरच्या पेटीतून मी बांधलेल्या जोड्या बाईंच्या पुढ्यात ओतल्या. "ह्या माझ्याच हातच्या. कुठलीबी उचला. एक जरी बेमेळ निघाली तर म्हणाल ते हरलो."

बाईंनी एक सोडली, वाजवली. "ही जुळतीय." दुसरी. "हीबी." तिसरी, चौथी, पाचवी. "ह्या अगदी एकसारख्या हैत."

"बघा! झालं समाधान? मग आता जी लावली तीच कशी चुकेल?"

बाई बिचाऱ्या खजील झाल्या. पण प्रामाणिक बाई. त्यांनी ती पहिली जोडी पुन्हा उचलली, पुन्हा वाजवली, आणि माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "रागावू नका. तुम्ही एकदा ह्या कानानं ऐकता का?"

आणि त्यांनी काडी माझ्या डाव्या कानाशी धरली.

टक्.

दुसरी धरली.

टोक्.

इतकं स्वच्छ, की शेजारच्या दुकानातल्या माणसालासुद्धा कळलं असतं. मी त्यांच्या हातातून काड्या हिसकावून घेतल्या. उजव्या कानाशी धरल्या. दोन्ही सारख्या. दोन्ही अगदी सारख्या, कारण दोन्हींचा आवाजच येत नव्हता. दूर कुठंतरी भिंतीपलीकडं काहीतरी आपटावं इतकंच. डाव्या कानाशी धरल्या. टक्, टोक्. उजवीकडं काही नाही.

तीस वर्षं ज्या बाजूला मोटार गरगरत होती ती उजवी बाजू. ज्या कानाशी मी काडी धरायचो तो उजवा कान. तो कधी गेला? परवा? गेल्या वर्षी? हात बसला, हात बसला म्हणत मी ज्या भराभर सोयरिकी जमवत होतो, त्या मला काही ऐकूच येत नव्हतं म्हणून जमत होत्या!

मग एकदम दुसरी गोष्ट ध्यानात आली. पेटीतल्या जोड्या तर बरोबर निघाल्या होत्या. मी वेड्यासारखा एकेक उचलून डाव्या कानाशी वाजवू लागलो. सात, आठ, दहा. सगळ्या जुळत होत्या. बहिऱ्या माणसानं लावलेल्या दहाच्या दहा जोड्या जुळाव्यात? देव इतका मोकळा नसतो.

मी एका जोडीचं बूड उजेडात धरलं. पेन्सिलीचा आकडा होता. त्याखाली, काचपेपरनं घासून पुसलेला, आधीचा पुसट आकडा दिसत होता. दुसरी पाहिली. तिच्यावरही तसंच. वरचे आकडे गोल, ठसठशीत, थोडे तिरके. माझं अक्षर असं नाही. पण हे अक्षर मी रोज जेवताना बघत होतो. आमच्या घरातल्या लोणच्याच्या प्रत्येक बरणीवर, घातल्याची तारीख याच अक्षरात होती.

मी मागं वळलो.

"हौसा."

ती खाली बघत होती.

"हे तुझे आकडे हैत."

"व्हय."

"कधी करतीस?"

"तुमी जेवून पडता तवा."

"कधीपास्नं?"

"सहा वर्सं झाली."

माझ्या लेथसमोर, माझ्याच स्टुलावर बसलो, आणि ते मला दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं. सहा वर्षं बँडवाले ज्या कानाची तारीफ करत होते तो कान हौसाचा होता. मी दुपारी घोरत असताना ती माझे दोरे सोडत होती, माझे आकडे पुसत होती, आणि संध्याकाळी मी त्याच जोड्या गिऱ्हाइकाला देऊन मिशीवर ताव मारत होतो.

"एकबी जोडी परत आली न्हाई, असं मी सांगत फिरतोय."

"आल्या की. पयल्या वर्सी तीन आल्या. मागल्या दारानं. मी बदलून दिल्या."

मगदूम बाई दाराकडं सरकल्या. "मी नंतर येते," म्हणाल्या.

"थांबा, बाई," हौसा म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "तुमची जोडी द्यायची राहिलीया." आणि माझ्यासमोर, माझ्या फळीपाशी उभी राहून, तिनं उरलेल्या काड्यांतली एक उचलली, कानाशी धरली, टिचकी मारली. ती माझ्यासारखी घाई करत नव्हती. चौदा काड्या तिनं बाजूला ठेवल्या. पंधरावीला थांबली. बाईंना ऐकवली. मग माझ्या डाव्या बाजूला येऊन मला ऐकवली. जुळली होती. नुसती जुळली नव्हती, एकाच काडीवर दोनदा मारावं तशी होती.

बाई गेल्यावर मी विचारलं, "मला का न्हाई सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं. पयल्यांदा लेथ चालू हुतं, मी उजवीकडं बसले हुते. तुमी हां हां म्हणाला. मग पाट हिकडं आणला आन् परत सांगितलं. तवा म्हणाला, चुलीपुढची बाई मला कान शिकवणार व्हय?"

ते मात्र मला आठवत होतं. चांगलं आठवत होतं. त्या वेळी दुकानात दोन माणसं बसली होती आणि ती खूप हसली होती.

"पण तुला कळलं कशावरनं?"

हौसा आत गेली. स्वयंपाकघरात फडताळाचं दार वाजलं, बरण्या सरकल्या. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं.

शिसवीची जोडी. लाल दोरा विटलेला. बुडावर आकडा नव्हता, पेन्सिलीनं एक अक्षर काढलेलं होतं, माझ्या हातचं. 'र'.

"रत्नीनं चुलीत टाकल्या हुत्या," हौसा म्हणाली. "मी वढून काढल्या. टाकू नये म्हणलं, बापानं एवढ्या हौसेनं केल्यात. राख पुसताना सहज वाजवल्या, तुमी वाजवता तशा."

मला त्या वाजवायच्या नव्हत्या. देवाशप्पथ सांगतो, त्या क्षणी मला दुसरा कानही गेला असता तर बरं वाटलं असतं. पण हौसा समोर उभी होती. एका काडीचं टोक एका बाजूनं जळालं होतं, ती मी डाव्या कानाशी नेली आणि टिचकी मारली.

टक्.

मग दुसरी. टोक्.

"एक जळाली म्हणून आवाज बदलला आसंल," मी म्हणालो. माझा आवाज मलाच भिकाऱ्यासारखा वाटला.

"जळलीया ती चांगली वाजती," हौसा म्हणाली. "परत वाजवा."

वाजवली. उजवी, डावी. डावी, उजवी. जळालेली काडी टक् म्हणत होती. न जळालेली, पिवळसर रेघ असलेली, मी राजालाही दिली नसती ती, मेल्यासारखी टोक् म्हणत होती. ती रेघ मला ओळखीची होती. पाटासमोर बसून आठ दिवस मी ती बघितली होती. पोरगी उजव्या हातात बिनरेघेची काडी धरायची आणि रेघेची डाव्या हातात. मास्तर म्हणाले होते, डावा हात बोलत नाही. त्यांना ऐकू आलं ते खरंच होतं. मी तर काही ऐकतही नव्हतो. मास्तर म्हणाले म्हणून मारत होतो.

"रत्नीला सांगितलंस?"

"काय सांगू? तिनं इचारलं आसतं, आण्णा काय म्हणत्यात. मग काय सांगणार हुते?"

मी रडलो. त्रेपन्नाव्या वर्षी, भर दुपारी, दुकानाचं दार उघडं असताना. म्हणालो, लेथ विकतो, बोललोय तसं हमाली करतो. हौसा म्हणाली, "लेथ कशाला इकताय? ते काय भैरं हाय?" आणि चहा ठेवायला गेली. दुसऱ्या दिवसापासून फळीपुढं ती उभी राहिली आणि मी नुसता कातत राहिलो. पाटी तीच राहिली, पण येईल त्याला मी आपणहून सांगायचो, कान हिचा आहे. कुणी हसलं तर हसू द्यायचो.

पण हे सगळं नंतरचं. त्याच दुपारी मी ती जुनी जोडी पिशवीत घातली आणि जतची एसटी धरली.

रत्नाला जतला देऊन वर्ष झालं होतं. माझ्याशी ती नीट वागायची. चहा द्यायची, पाया पडायची, तब्येत विचारायची. पण लहानपणी जशी दुकानात येऊन तासन्‌तास बडबडायची, तशी नववीनंतर कधी बडबडली नाही. पोरी मोठ्या झाल्या की असंच होतं, असं मी समजून चाललो होतो. मी समजून चाललेल्या गोष्टींची यादी त्या दिवशी फार मोठी निघत होती.

ती चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. मला अवेळी बघून दचकली. "आई बरी हाय नव्हं?"

"बरी हाय." मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि पिशवीतून फडकं काढलं. काड्या बघताच तिचा हात पिठातच थांबला.

वीस वर्षं नवख्यांना भाषण देणारा मी, एवढंच म्हणालो, "रत्ने, जोडी चुकली हुती. माझा कान गेलाय. मला कळलंच न्हाई. ही डाव्या हाताची काडीच मुकी हुती."

तिनं हात पदराला पुसले, काड्या घेतल्या, आणि काटवटीच्या काठावर हळूच वाजवल्या. उजवी. डावी. मग काड्यांची अदलाबदल केली. पुन्हा उजवी, डावी. आता डावा हात टक् म्हणाला.

"म्हंजे," ती म्हणाली, "मी बरोबर वाजवत हुते?"

"व्हय."

"आठ दिवस?"

"आठच्या आठ दिवस. पोरी, तू बरोबर वाजवत हुतीस."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. तिनं ती काढली नाही. काड्या मांडीवर ठेवून ती जाळाकडं बघत राहिली, आणि मग बोलायला लागली. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. काय बोलतेय ते कळत नव्हतं. ती माझ्या उजव्या बाजूला बसली होती.

सवयीनं माझ्या तोंडावर 'हां हां' आलं होतं.

मी ते गिळलं. जमिनीला हात टेकून उठलो, तिच्या मागून वळसा घालून पलीकडं गेलो, आणि डावा कान तिच्याकडं येईल असा जवळ बसलो.

"आता बोल," मी म्हणालो. "पयल्यापास्नं बोल."